पाण्याला सुव म्हणतात

आम्ही कुणाकडे जेवायला जात नसू. ही तक्रार नाही, आमच्या घराची रीत सांगते आहे. काही घरांत गुरुवारी मटण नसतं, तसं आमच्यात दुसऱ्याच्या घरचं ताट नव्हतं. सिंगापुरात, वुडलँड्स भागातल्या एका इमारतीत नवव्या मजल्यावरच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये बाबा, आई आणि मी असे तिघे राहायचो. बाबांचं ऑफिस हार्बरफ्रंटला, म्हणजे बेटाच्या एका टोकाला झोपायचं आणि दुसऱ्या टोकाला कमवायचं. भाडं इकडे कमी, म्हणून आई सोडून कुणी कुरकुर करत नसे. घरात बुद्धाची एक छोटी मूर्ती, बाबासाहेबांचा फोटो, आणि फोन वाजला की बाबांचा खणखणीत "जयभीम". तो फोन मराठवाड्यातून आला असेल तरच बरं का. सिंगापुरातल्या मराठी माणसाचा असला की बाबा "हॅलो" म्हणायचे, आवाज अर्धा करून. आमंत्रणं यायची. कुणाचा वाढदिवस, कुणाचा गणपती, कुणाच्या नव्या कॉन्डोची वास्तुशांत. बाबांचं उत्तर तयार असायचं: ऑफिसचं काम आहे. आमच्या बाबांच्या ऑफिसात रविवारी आणि दसऱ्यालाच एवढं काम कसं निघतं, असं मी एकदा विचारलं, तर आईने मला कोथिंबीर निवडायला बसवलं.

एकदाच आम्ही गेलो होतो, मी बारा-तेराची असताना. पुण्याच्या एका बाई फार गोड बोलत होत्या. त्यांनी आईला बटाटेवडा वाढता वाढता विचारलं, "आडनावावरून कळत नाही हो, तुम्ही मूळचे कुठले?" आईने गावाचं नाव सांगितलं. "हो, पण म्हणजे तुमच्यात लग्नात काय काय करतात?" आईने तेही सांगितलं. बाई "अच्छा, अच्छा" म्हणाल्या आणि दुसऱ्या खुर्चीकडे सरकल्या. बस, एवढंच. भांडण नाही, अपमान नाही, वडा उत्तम होता. परतताना एमआरटी ट्रेनमध्ये बाबा खिडकीबाहेर बघत बसले आणि आई म्हणाली, "आपलं ताट आपल्या घरी बरं." मला तेव्हा वाटलं, आमचे आईबाबा माणूसघाणे आहेत. ते मत मी पुढे बरीच वर्षं जपून ठेवलं होतं.

घरात आणखी एक नियम होता. पाणी ग्लासला तोंड लावूनच प्यायचं. मैत्रिणींच्या घरी सगळे बाटली उंच धरून वरून गटगट प्यायचे, तसं मी एकदा घरी केलं तर बाबांनी बाटली हातातून काढून घेतली. "वरून नाही प्यायचं. तोंड लाव." त्यांचा आवाज चढला नव्हता, पण परत करायची हिंमत झाली नाही. मी समजले, सांडेल म्हणून म्हणत असतील. फरशीवर पाणी सांडलं की आईचा पारा चढायचाच.

माझी दहावीच्या तोडीची परीक्षा संपली आणि निकालापर्यंतचे ते मोकळे दोन महिने सुरू झाले. त्याच सुमारास आमच्याच मजल्यावर, सहा दरवाजे सोडून, दिलनोझा राहायला आली. ताश्कंदपासून दोनेक तासांवरच्या कुठल्याशा गावची. नवरा समुद्रातल्या तेलाच्या प्लॅटफॉर्मवर इंजिनिअर, पाच आठवडे तिकडे आणि तीन आठवडे घरी. तिशीची असेल, उंच, दाट भुवयांची, आणि एकटेपणाने अगदी कावलेली. इंग्रजी तोडकं. लिफ्टमध्ये तिने मला सरळ विचारलं, "तू इंडिया? तू इंग्लिश? मला शिकव." आईला विचारलं तर आई म्हणाली, "जा की. घरी बसून पंख्याखाली लोळतेसच नाहीतरी." त्यामुळे रोज दुपारी मी तिच्याकडे जायला लागले. पैसे घ्यायचे नाहीत असं आईने बजावलं होतं, तेव्हा दिलनोझाने ठरवलं की एका इंग्रजी शब्दाला ती मला एक उझबेक शब्द देणार. फुकटचं काही घ्यायची त्यांच्यात पद्धत नव्हती म्हणे. मी तिला दिलनोझा ओपा म्हणायचे, ओपा म्हणजे ताई. माझं नाव प्रज्ञा. तिने आठवडाभर प्रयत्न केला आणि मग "प्राग्या" वर तडजोड केली.

मला वाटलं, ती स्वयंपाकघरापासून सुरुवात करेल. तिने मला हाताला धरून बाहेर कॉरिडॉरमध्ये नेलं. म्हणाली, भांडी माणसाने केली, ती नंतर. आधी देवाने केलेलं. कठड्याशी उभं राहून तिने बोट दाखवत शब्द दिले: कुयोश, सूर्य. शामोल, वारा. दरख्त, झाड, हा तर मला हिंदीतून ओळखीचाच निघाला. खाली कोकीळ बोंबलत होता, समोरच्या मलाय आजोबांचे पिंजऱ्यातले पक्षी त्याला उत्तर देत होते, बांबूवर वाळत घातलेले कपडे फडफडत होते. मग आत येऊन तिने नळ सोडला, धारेखाली बोटं धरली आणि म्हणाली, "सुव." पाण्याला सुव म्हणतात. बाकीचे शब्द तिने भराभर दिले होते, या एका शब्दाला मात्र पूर्ण दुपार लागली. सुवमध्ये थुंकायचं नाही. वाहत्या सुवमध्ये घाण टाकायची नाही, अगदी वैऱ्याच्या शेतातल्या पाटातसुद्धा नाही. वाईट स्वप्न पडलं तर माणसाला सांगायचं नाही, सकाळी उठून वाहत्या पाण्याला सांगायचं, ते घेऊन जातं. मी विचारलं, वुडलँड्सच्या नवव्या मजल्यावर वाहतं पाणी आणायचं कुठून? तिने नळाकडे बोट दाखवलं. मी दुसऱ्याच दिवशी परीक्षेच्या निकालाचं एक भयंकर स्वप्न आमच्या बेसिनला सांगायला लागले, तर आई बाहेरून ओरडली, "नळ बंद कर गं! पाणी काय फुकट येतं का?" अर्धं स्वप्न माझ्यापाशीच राहिलं.

तिच्या घरी जेवायच्या आधी हात धुवायचे ते बेसिनवर नव्हे. सतरंजीवर मधोमध दस्तरखान म्हणून कापड अंथरायचं, भोवती बसायचं, आणि घरातल्या सगळ्यात धाकट्याने झारी आणि खाली पाणी झेलायचं पसरट तस्त घेऊन एकेका पाहुण्याच्या हातावर पाणी घालायचं. पाहुण्याला उठायला लावायचं नाही, हा त्यातला मान. तीनदा घालायचं. हात झटकायचे नाहीत, थेंब उडवायचे नाहीत, टॉवेलला टिपायचे. झारी तिने गावाहून आणली होती, तांब्याची, बाकदार चोचीची. त्या घरात धाकटं कुणी नव्हतं, म्हणून मी धाकटी झाले. झारी वरून धरायची, धार बारीक आणि सरळ पडली पाहिजे. माझा हात आधी थरथरायचा, मग बसला. एवढ्यातेवढ्यावर खूश व्हायचं वय होतं आणि मला ते काम करताना आपण फार कुणीतरी आहोत असं वाटायचं. खोटं कशाला बोलू, अजूनही कुणाच्या हातावर पाणी घालताना माझा हात थरथरत नाही.

दिलनोझाने आम्हाला तिघांना जेवायला बोलावलं. मी घरी सांगितलं तेव्हा बाबा पेपर वाचत होते आणि मी ऑफिसच्या कामाची वाट बघत होते. बाबा म्हणाले, "काय करणार आहे?"

"ओश. म्हणजे पुलाव. मटण, गाजर, कांदा, भात. त्यांच्याकडे गाजराला सबझी म्हणतात, बाबा."

"आडनाव विचारलं का तिने?"

"कुणाचं?"

"आपलं."

"छे. तिला कशाला हवंय आपलं आडनाव?"

बाबांनी पेपरची घडी केली आणि म्हणाले, "जाऊ या मग." आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. नुसती बाबांकडे बघत राहिली. रविवारी दुपारी बाबांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला. सहा दरवाजे चालून जायला. आईने नारळाच्या वड्या केल्या होत्या. मला इतका आनंद झाला होता की मी लिफ्टपर्यंत उगाच एक फेरी मारून आले. आमचं घर शेवटी इतरांसारखं होणार होतं. आपल्याकडे पाहुणे, आपण पाहुणे.

कढईभर ओश शिजत होता, चरबीचा आणि जिऱ्याचा वास पार लिफ्टपर्यंत आला होता. दस्तरखानावर गोल जाड रोट्या, सुके जर्दाळू, चहाच्या बिनकानाच्या वाट्या. दिलनोझाने बाबांना दारापासून सगळ्यात लांबची जागा दिली, ती मोठ्या पाहुण्याची. ती त्यांना "अका" म्हणाली, थोरला भाऊ. बाबा मांडी घालून बसले, चक्क हसले, आणि "घरात छान थंड आहे" असं काहीतरी इंग्रजीत बोलले. मग दिलनोझाने मला डोळ्यांनी खूण केली. मी झारी घेतली. खांद्यावर टॉवेल, डाव्या हातात तस्त. मी बाबांसमोर गुडघ्यावर उभी राहिले, झारी उंच धरली आणि मोठ्या ऐटीत म्हणाले, "बाबा, हात पुढे करा. असे नाही, ओंजळ करा."

त्यांनी केली. मला वाटतं, हाताने आपसूक केली. धार पडली. बाबा त्या धारेकडे बघत राहिले, मग मान वर करून माझ्याकडे. ते डोळे मी आधी कधी पाहिले नव्हते. ते मला ओळखत नव्हते. आणि एकदम त्यांनी ओंजळ सोडली. पाणी दस्तरखानावर, रोट्यांवर, त्यांच्या शर्टावर सांडलं. ते उठले. आईला म्हणाले, "चल." दिलनोझा घाबरून काहीतरी विचारत होती, "अका? अका, प्लीज?" बाबा दारात बूट चढवत होते आणि ते पायात जाईनात. शेवटी हातात घेऊन चालत गेले. आईने वड्यांचा डबा तिथेच ठेवला, दिलनोझाच्या दंडाला हात लावला आणि तीही गेली. दिलनोझा भिजलेली रोटी उचलून पदराने पुसावी तशी ओढणीने पुसत होती. रडत होती. मी झारी खाली ठेवली आणि पळाले.

घरी येऊन मी जे बोलले त्याची मला आजही लाज वाटते. आज माझी मुलगी सिंगापुरातल्याच पासिर रिसच्या आमच्या घरात माझ्याशी तावातावाने इंग्रजीत भांडते आणि वर "so drama lah" म्हणून दार आपटते, तेव्हा मी गप्प बसते ते सोशीक आहे म्हणून नव्हे. मी बाबांना म्हणाले, "तुम्हाला माणसंच नको असतात! पुण्याची बाई नको, ही नको. तिने काय केलं तुमचं? सकाळपासून राबत होती. पाणीच घातलं ना हातावर, ॲसिड घातलं का?" आई म्हणाली, "प्रज्ञा, तोंड आवर." मी आवरलं नाही. "मला लाज वाटते तुमची," हेही म्हणाले.

बाबा कॉटच्या कडेवर बसले होते. रुमालाने हात पुसत होते, हात केव्हाचे कोरडे झाले होते तरी. ऑफिसचा एखादा मुद्दा समजावून सांगावा तशा आवाजात ते बोलले.

"आमच्या शाळेत माठ होता. आम्ही त्याला हात लावायचा नाही. शिपाई वरून पाणी घालायचा, आम्ही खाली ओंजळ धरून बसायचं. त्याला वेळ असला तर. नसला तर तहानेलं घरी यायचं. एक शिपाई होता, त्याला गंमत वाटायची. तो धार हलवायचा, इकडे, तिकडे. आम्ही ओंजळ घेऊन तिच्यामागे. सगळी शाळा हसायची. शर्ट भिजायचा आणि घसा कोरडा." मग जरा थांबून म्हणाले, "तिची चूक नाही. तुझीही नाही. पण तू वरून म्हणालीस, ओंजळ करा. मला तुझा चेहरा दिसेना, पोरी. त्याचाच दिसला."

पुस्तकातलं मला सगळं ठाऊक होतं. दर चौदा एप्रिलला मी घरीच, बाबासाहेबांच्या फोटोपुढे, भाषण करत होते, पाठ केलेलं, हातवाऱ्यांसकट. पण ते सगळं माझ्याच बापाच्या हातावर झालं असेल, हे कधी डोक्यात आलं नव्हतं. ग्लासला तोंड लाव, याचा अर्थ मला तिथे उभ्या उभ्या कळला. मी बाबांच्या पायाशी बसले. आईने भात टाकला, आम्ही वरण-भात खाल्ला.

तीन दिवस दिलनोझाचं दार बंद होतं. एरवी आमच्या मजल्यावर लाकडी दारं सताड उघडी आणि फक्त जाळीची लोखंडी दारं लावलेली असत, वारा खेळावा म्हणून. तिचं लाकडीही बंद. चौथ्या दिवशी मी बेल वाजवली आणि वाजवत राहिले. तिने उघडलं. तिचं इंग्रजी मी इथे मराठीत लिहिते आहे, पण मुळात ते फार तुटक होतं, आणि म्हणून जास्त लागलं.

"मी मुसलमान," ती म्हणाली. "तुझे बाबा हिंदू. माझं पाणी घाण. म्हणून?"

मी हादरलेच. असं काही तिच्या मनात येईल हे माझ्या गावीही नव्हतं. तीन दिवस ती बाई आपलं पाणी विटाळाचं ठरलं असं समजून दार लावून बसली होती.

"नाही, नाही ओपा! उलटं. बरोब्बर उलटं." मी म्हणाले. "आम्ही हिंदू नाही, बौद्ध. तुला आत्ता जे वाटलं ना, तसं बाबांना लोकांनी म्हटलं. लहानपणी. शाळेत. ह्याने भांड्याला हात लावला तर पाणी घाण होईल. म्हणून वरून घालायचे. लांबून. असं." मी उभी राहून रिकाम्या हाताने धार धरून दाखवली, मग खाली बसून ओंजळ करून दाखवली. "आणि मी तेच केलं."

"दुष्काळ होता? सुव नव्हतं?"

"सुव होतं. भरपूर होतं. बाबांना नव्हतं."

तिने विचारलं, ते लोक परके होते का, लढाईत जिंकून आलेले? मी म्हणाले, नाही, त्याच गावचे. एकच भाषा? एकच. हे तिला काही केल्या पटेना. मलाही समजावता येईना. खरं सांगायचं तर आजही कुणा परदेशी माणसाला हे सांगताना मी मध्येच थांबते, कारण सांगता सांगता ते मलाच खोटं वाटायला लागतं. तिने चहा केला, आम्ही तो प्यायलो. "माझ्या घरी वैरीसुद्धा पाणी मागू शकतो," एवढंच ती शेवटी म्हणाली, आणि मला घरी पाठवलं. झारीकडे दोघींनीही पाहिलं नाही. मला वाटलं, संपलं. शेजार तुटला आणि तो माझ्या आगाऊपणामुळे तुटला. बाबा आता उभ्या जन्मात कुणाच्या दारात पाऊल टाकणार नाहीत, आणि त्यांना दोष देता येणार नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बाबा ऑफिसातून आले. बूट काढून नुकतेच खुर्चीत टेकले होते. आई कणीक मळत होती. जाळीच्या दारापाशी सावली पडली, पाहिलं तर दिलनोझा. हातात काही नाही. ना डबा, ना वाटी, ना फुलं. रिकाम्या हाताने कुणाच्या दारात जाणं त्यांच्यात फार वाईट समजतात, हे मला माहीत होतं. बाबा उठून उभे राहिले. मी दार उघडलं, पण ती आत आली नाही. उंबऱ्याशी आमचं बूट घालायचं बुटकं स्टूल होतं, त्यावर ती खालीच बसली, मान वर करून बाबांकडे बघितलं आणि म्हणाली, "अका, सुव बेरिंग."

सहा दरवाज्यांपलीकडे तिच्या घरात दोन नळ होते.

"काय म्हणतेय?" बाबांनी मला विचारलं.

"पाणी मागतेय, बाबा. तुमच्याकडे."

आई कणकेच्या हातांनीच फिल्टरकडे निघाली. "तू थांब," बाबा म्हणाले. ते स्वतः आत गेले. आतून ग्लास विसळल्याचा आवाज आला, मग पुन्हा एकदा विसळल्याचा. आमचा रोजचा स्टीलचा ग्लास काठोकाठ भरून ते दोन्ही हातांनी धरून आले, आणि तिच्यासमोर वाकून तिच्या हातात दिला. तिने तोंड लावलं. तीन दमांत सगळा प्यायली, थेंब ठेवला नाही. मग ग्लास परत त्यांच्या हातात देऊन, उजवा हात छातीवर ठेवून म्हणाली, "सुवदेक अझीझ बोऽलिंग, अका."

बाबांनी माझ्याकडे बघितलं. सुव मला येत होतं, अझीझ हिंदीतून ठाऊक होतं. बाकीचं दिलनोझानेच इंग्रजीत जुळवून दिलं. पाणी देणाऱ्याला त्यांच्याकडे असं म्हणायची रीत आहे.

"पाण्यासारखे सगळ्यांना हवेसे व्हा, म्हणतेय," मी सांगितलं.

बाबा ग्लास हातात धरून तसेच उभे राहिले. आई पदराने डोळे पुसायला गेली आणि कणीक गालाला लागली. जरा वेळाने बाबा खाकरले.

"विचार तिला," ते म्हणाले, "अजून आणू का?"